दहा दिवसांचं हॉटेल

समोरच्या काकांशी बोलताना सारखं वाटायचं, आपल्या मागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. कारण ते बोलायचे आपल्याशी आणि बघायचे आपल्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे. शांती नगरला राहायला गेल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेले, तेव्हा कितीदा तरी मान वळवून बघितलं. दारात कोणी नव्हतं. शेवटी काकू म्हणाल्या, "तू चहा पी गं. त्यांना सवय आहे. जन्मभर दाराकडे तोंड करून उभे राहिलेत."

फोर्टातल्या एका जुन्या, भल्यामोठ्या हॉटेलात काका लॉबी मॅनेजर होते. नाव घेत नसत. "आमचं हॉटेल" म्हणत, जसं काही अख्ख्या फोर्टात दुसरं हॉटेलच नाही. मी त्यांच्या समोरच्या दारात राहायचे, त्यामुळे त्या हॉटेलाचा निम्मा मुक्काम माझ्याच डोक्यावर होता. लिफ्टची वाट बघत उभी राहिले की काका दार उघडून बाहेर. "ऑफिसला?" म्हणत लिफ्टचं बटण स्वतः दाबणार, लिफ्ट आली की दार धरून उभे राहणार, मी आत गेले की मान किंचित झुकवणार. सकाळी नवाच्या घाईत कोणी असं झुकलं की माणसाला उगाच पदर सावरावासा वाटतो. मी पंजाबी ड्रेसमध्ये असायचे, तरी वाटायचं. चीड यायची नुसती.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मजल्यावरच्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावायच्या. जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवून ते उजेडात धरून बघायचं. वॉचमनला शिकवून ठेवलं होतं की गेटमधून माणूस आत आला की आधी नमस्कार करायचा, मग कुठे जायचंय विचारायचं. तो बिचारा कुरिअरवाल्यालाही हात जोडायचा. कुरिअरवाले घाबरून पार्सल त्याच्याकडेच टाकून जायचे.

हॉटेलाचा इतिहास ते सलग कधीच सांगत नसत. भाजीवाल्यापुढे, पाण्याच्या टाकीवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळतीचा विषय चाललेला असताना मधूनच एखादा तुकडा यायचा.

"फोर्टातल्या प्रत्येक जुन्या हॉटेलाची एक गोष्ट असते," ते एकदा मेथी निवडून घेता घेता म्हणाले. "शेठजींचा कुठेतरी अपमान झाला आणि त्यांनी चिडून हॉटेल बांधलं. आमच्याकडे असलं काही नाही. आमच्या शेठनी घर बांधलं होतं. कापसाचा पैसा, नातेवाईक चिक्कार. बांधता बांधता घर एवढं वाढलं, की शेठाणी आत आल्या, एक फेरी मारली आणि म्हणाल्या, इथे माणूस घरातल्या घरात हरवेल, मी राहणार नाही. झालं! घराचं हॉटेल झालं. म्हणून आमच्याकडे देवघराच्या जागी रिसेप्शन होतं."

हे खरं की खोटं, देव जाणे. पण भाजीवाला मेथीची जुडी हातात धरून ऐकत राहिला आणि मागची रांग माझ्यावर खेकसायला लागली.

वास्तुकलेवर काकांची ठाम मतं होती. लोखंडी खांब जहाजातून आले, बॉलरूमची जमीन लाकडाची आणि खालून पोकळ, म्हणजे नाचणाऱ्याचे पाय दुखत नाहीत, हे सगळं ते सांगायचेच. पण त्यांचा खरा जीव जिन्यात. "जिना चढायला नसतो," ते म्हणायचे. "चढायला लिफ्ट आहे. जिना उतरायला असतो. आमचा जिना वर अरुंद, खाली रुंद. उतरणारा माणूस पायरीपायरीने मोठा होत येतो. लॉबीत बसलेल्यांनी मान वर केलीच पाहिजे." खोल्यांच्या चारी बाजूंनी बाहेरून व्हरांडा होता, कारण बांधलं तेव्हा पंखे नव्हते. वारा आधी व्हरांड्यात यायचा, निवायचा आणि मग खोलीत. "साहेब लोकांना वारासुद्धा विचारून आत आलेला आवडायचा." पुढे एसी आले, व्हरांडे काचांनी बंद केले. काकांच्या मते हॉटेल तिथूनच आजारी पडलं.

आणि छत. "छत उंच असलं की माणूस आपोआप आवाज खाली आणतो. आपल्या बिल्डिंगमध्ये छत हाताला लागतं, म्हणून सगळे एकमेकांवर ओरडतात."

हे मात्र मला पटलं होतं. आता आमची ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि आम्ही तिथून जवळच, इंद्रलोकला भाड्याने राहतोय. इथल्या टॉवरची लॉबी दाखवताना ब्रोकर म्हणाला, "मॅडम, एकदम हॉटेल जैसा." चकचकीत फरशी, सोनेरी नळ्या लोंबणारं झुंबर. मी आवाज चढवूनच भाड्याची घासाघीस केली. छत काही उंच नव्हतं.

हॉटेलाच्या दाराबद्दल मात्र काका हळू आवाजात बोलत. ते दार फिरतं होतं. सागाची चौकट, पितळी दांडे, जाड काचेची चार पाती. दोन पात्यांमधल्या खणात शिरायचं, ढकलायचं, की माणूस अर्ध्या गिरकीत आत. "हे दार कधी उघडं नसतं आणि कधी बंदही नसतं," काका म्हणायचे. "रस्त्याचा आवाज आत येत नाही, ऊन येत नाही. एका वेळी एकच माणूस. म्हणजे प्रत्येकाचं तोंड नीट बघता येतं." एवढं बोलून ते उठायचे आणि गॅलरीत जाऊन आधीच वाळलेले कपडे परत चाचपायचे.

त्याचं कारण मला काकूंनी सांगितलं. एके दुपारी मी सुक्या बोंबलांची चटणी घेऊन गेले होते. काकूंनी डबा घेतला आणि मागच्या खिडकीत नेऊन ठेवला. "ते यायच्या आत खाऊन टाकते. त्यांना नाही चालत."

"काका तारोडीचे ना?" मी हसले. "समुद्रकाठच्या तारोडीचा माणूस आणि बोंबील चालत नाहीत?"

काकू हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं. काका नोकरीत तसे नवीन होते. कुठल्यातरी परदेशी पाहुण्यांचा मोठा ताफा यायचा होता, लॉबीत फुलं, मालक स्वतः उभे. त्याच वेळी फिरत्या दाराबाहेर काकांचे वडील येऊन उभे राहिले. तारोडीहून आलेले. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. पोराला मोठी नोकरी लागली, बघून येऊ म्हणून. दरवानाने अडवलं. काकांनी काचेतून बघितलं. धावत बाहेर गेले आणि म्हणाले, "बाबा, इथून नका. मागून या."

"आणि बाबा?"

"गेले की मागे. किचनच्या दाराशी. काही बोलले नाहीत. ह्यांची ड्यूटी लांबली. हे मागे पोचले तोवर बाबा निघून गेलेले. पिशवी वॉचमनकडे ठेवून." काकूंनी चटणीच्या डब्याचं झाकण परत घट्ट केलं. "नंतर कितीदा म्हणाले, बाबा, एकदा चला, पुढून घेऊन जातो, जेवण घालतो. ते म्हणतात, येऊ की, काय घाई हाय. आता तू सांग, हॉटेलच राहिलं नाही, तर नेणार कुठे?"

ते खरंच राहिलं नव्हतं. वारसांची भांडणं, एकेक मजला सील, शेवटी शेवटी लॉबी आणि एकच मजला चालू. त्या रिकाम्या लॉबीत काका काळा सूट घालून दिवसभर उभे राहायचे, निवृत्तीपर्यंत. मग इमारत विकली गेली. बाहेरची दगडी भिंत तशीच ठेवून आतलं सगळं पाडून ऑफिसं करायचं ठरलं. काका एकदा जाऊन बघून आले. मी विचारलं, कसं आहे? "तोंड ठेवलंय, पोट काढलंय," म्हणाले आणि दिवसभर जिन्यात वर-खाली करत राहिले. फिरतं दार कोणीतरी फार्महाउससाठी घेऊन गेलं होतं.

त्या दिवसापासून काकांचा पाय घरात टिकेना. काकूंचाही जीव थाऱ्यावर नव्हता. मलासुद्धा समोरचं दार वाजलं की कामात लक्ष लागेना. बाबा नव्वदीकडे झुकलेले, तारोडीला पुतण्याकडे राहायचे, अजून काठीशिवाय चालायचे. पण काकांना एकच लागून राहिलं होतं. बाबा आहेत तोवर त्यांना त्या दारातून आत न्यायचं. आणि दार तर गेलं!

मग गणपती मंडळाची मीटिंग आली. सजावटीच्या कमिटीत मी होते, कारण शाळेत असताना मी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या आणि ही गोष्ट चुकून कुठेतरी बोलून बसले होते. मंडळाचा अध्यक्ष जिमवाला पोरगा. तो म्हणाला, "लास्ट इयर पॅलेस केलेला, हिट गेला. ह्या वर्षी पण पॅलेस, फक्त मोठा."

काका उभेच होते. म्हणाले, "गणपती कोण आहे?"

हा काय प्रश्न झाला?

"पाहुणा आहे. दहा दिवसांचा. येण्याचा दिवस ठरलेला, जाण्याचा दिवस ठरलेला. पाहुणा कधी पॅलेसमध्ये उतरतो का? पाहुणा हॉटेलात उतरतो."

आधी हसू फुटलं, मग कोणीतरी म्हणालं, "आयला, आयडिया भारी आहे." पहिल्या मजल्यावरचे गुजराती काका चिंतेने म्हणाले, "पण हॉटेल व्हेज असेल ने?" काकांनी शब्द दिला आणि ठराव पास झाला. मी काकांकडे बघितलं. ते मंडपाच्या रिकाम्या जागेकडे बघत होते आणि बोटाने हवेत फिरत्या दाराचा गोल काढत होते. मला तेव्हाच कळलं, हा घाट कोणासाठी चाललाय. बाकी कोणाला कळायचं कारण नव्हतं.

पुढचे काही आठवडे त्या माणसाने आमच्या नाकी नऊ आणले. थर्माकोल बंद, म्हणून प्लायवूड, पुठ्ठा आणि कापड. गालिच्याच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचे लोखंडी खांब झाले. मी जुने फोटो शोधून दाखवले, तर काकांनी बघायलाही नकार दिला. "फोटोत जिना दिसतो. जिन्याची ऐट दिसत नाही." सगळं त्यांच्या आठवणीतून. आणि आठवण तरी एक कुठे होती? सोमवारी कठडा सरळ असायचा, बुधवारी वळणदार. जिना दोनदा खोलून परत ठोकला. काका खाली उभे राहायचे आणि मिस्त्रीला पुन्हा पुन्हा पायऱ्या उतरायला लावायचे. मिस्त्री गोरखपूरचा सुतार, वैतागलेला. "अंकल, मैं बढ़ई हूँ, हीरो नहीं हूँ."

"थोडा धीरे. गर्दन सीधी. हां, अब दिखा."

फिरत्या दारापाशी मात्र काकांनी घड्याळ बघितलं नाही, जेवण बघितलं नाही. चार पाती, मधे लोखंडी दांडा, काचेच्या जागी जाड प्लास्टिक, पितळेच्या जागी सोनेरी कागद. पहिल्यांदा ते फिरलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "ये घूमेगा तो बाप्पा को चक्कर आ जाएगा." आम्ही त्यावर पोट धरून हसलो. हसलो आणि पुढच्या कामाला लागलो. एवढी शिकलेली माणसं कमिटीत होती, एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

खरं तर कुठलंही मंडळ मखराची पुढची बाजू मोकळी ठेवतं. मूर्ती आत येते आणि मग कमान चढवतात. पण काकांचा हट्ट. "पाहुणा यायच्या आधी हॉटेल तयार पाहिजे. पाहुणा दारात आणि सुतार ठोकतोय, हे आमच्याकडे कधी झालेलं नाही." म्हणून पोर्च, कमान, दार, सगळं चतुर्थीच्या आदल्या दिवशी, म्हणजे मूर्ती आणायच्या दिवशी, दुपारपर्यंत पूर्ण.

त्या दुपारी बाबा आले. काकांनी स्वतः तारोडीला जाऊन सांगितलं होतं, आणि बाबा नेहमीप्रमाणे "बगू" म्हणाले होते. आले मात्र एकटेच, बसने. स्वच्छ धोतर, बगलेत छत्री. काकूंनी मंडपाजवळ सावलीत खुर्ची टाकली. काका काळा सूट घालून तयार. बाबांना आत न्यायला पुढे झाले, तर बाबा म्हणाले, "आधी देव येऊ दे." ते बरोबरच होतं. काका परत दाराशी जाऊन उभे राहिले. टाय घट्ट करत, सैल करत.

टेम्पो आला. ताशा वाजला, गुलाल उडाला, चेहरा रुमालाने झाकलेला बाप्पा पोरांनी खाली उतरवला. मूर्ती बसलेली, पण मागे रुंद प्रभावळ, बाजूला उंदीर. पोरं "मोरया" म्हणत पोर्चखाली आली आणि फिरत्या दारासमोर थांबली.

एका वेळी एकच माणूस मावेल असं दार होतं ते. बाप्पा कुठल्याच बाजूने त्यात मावत नव्हता.

ताशा बंद पडला. कोणीतरी खुसखुसलं. अध्यक्षाने कपाळाला हात लावला, पण पोरगा शहाणा. "टेन्शन नको. मागे नुसतं कापड आहे. कापड सोडू, मागून घेऊ, परत बांधू. पाच मिनिटांचं काम. चला रे, मागून!"

पोरं वळलीसुद्धा. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात खुर्चीतून बाबांचा आवाज आला. त्यांना मुलाची अडचण दिसत होती आणि ते आपले त्याला सोडवायला बोलले. अगदी मायेने बोलले.

"मागून घ्या रं. त्याला काय व्हतंय? देव हाय तो. तो काय बोलायचा न्हाय."

"थांबा!" काका ओरडले. मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "कोणी हलायचं नाही. तो पुढूनच येणार."

त्यांनी मिस्त्रीच्या हातातला हातोडा ओढून घेतला आणि त्या दारावर घातला. हातोडा धरायची सवय नव्हती. पहिला घाव हुकला, दुसरा पात्यावर बसला. सोनेरी कागद फाटला. मिस्त्री मधे पडला. "अंकल, क्या कर रहे हो! इतने दिन का काम है!" काका ऐकेनात. सूटची बाही उसवली, टाय खांद्यावर गेला. हाताला चौकटीचा खिळा घुसून रक्त आलं आणि रडत होते की घामाने भिजले होते ते सांगता येत नव्हतं. काकूंनी एकदा "अहो" म्हटलं आणि मग त्या पुढे गेल्या आणि चौकट दोन्ही हातांनी धरून ओढायला लागल्या. मग मीही गेले. मिस्त्रीने शिवी हासडली, करवत उचलली आणि म्हणाला, "हटो सब, मुझे करने दो, ऊपर से गिरेगा." त्याने दांडा कापला, चौकट कापली, कमानीला दोर लावून ती सावकाश खाली उतरवली. बघता बघता हॉटेलाच्या तोंडाशी मोठं भगदाड पडलं. आतला जिना रस्त्यावरून दिसायला लागला, खाली रुंद, वर अरुंद.

ताशा पुन्हा सुरू झाला. बाप्पा समोरून, मधोमध, जिना चढून चौरंगावर बसला. सगळी गर्दी मागोमाग आत घुसली. काका बाजूला उभे राहून धापा टाकत होते. काकू त्यांच्या हाताला रुमाल बांधत होत्या. एकाएकी त्यांनी हात सोडवून घेतला.

"बाबा कुठायत?"

खुर्ची रिकामी होती. आम्ही इकडे तिकडे शोधलं, गेटपर्यंत जाऊन आलो. काका वळून मंडपाच्या मागे धावले, आम्ही त्यांच्या मागे. तिथे प्लायवूडचे तुकडे, खिळ्यांचे डबे आणि रंगाचे ब्रश पडले होते. त्या पसाऱ्यात बाबा चपला हातात घेऊन उभे होते आणि कापडाला कुठे फट सापडते ते चाचपत होते.

"बाबा, इथे काय करताय?"

"पुढं गरदी हाय," बाबा म्हणाले. "मी आपला हिकडून येतो."

काकांनी त्यांचं मनगट धरलं. धरून सगळ्या मंडपाला वळसा घातला, खिळ्यांवरून, दोरांवरून, हळूहळू, आणि पुढे आणून उभं केलं. बाबांनी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग खाली पडलेल्या चौकटीकडे.

"हितं दार व्हतं ना मगाशी?"

"होतं."

"मंग?"

"काढलं, बाबा," काका म्हणाले. "या."

बाबांनी चपला एका कडेला ठेवल्या, धोतराचा सोगा सावरला आणि मुलाच्या पुढे होऊन आत गेले.